आधी ताळा, मग आलेख : घाऊक दुकानाचा पहिला पॉवर बीआय रिपोर्ट

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. म्हापशाला तुमच्या बाबांचं किराणा मालाचं घाऊक दुकान आहे. बार्देश, पेडणे, डिचोली आणि हद्दीपलीकडे दोडामार्ग-वेंगुर्ल्यापर्यंत धरून साडेतीनशेच्या घरात गिऱ्हाइकं. बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात. तुम्ही पॉवर बीआय, म्हणजे आकड्यांवरून रिपोर्ट आणि आलेख बनवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, उतरवून घेतलंत, व्हिडिओ बघून चार आलेख केलेत आणि बाबांना दाखवलेत. त्यांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, "हा एप्रिलचा आकडा माझ्या वहीत कुठे आहे?" तो वहीत नव्हता. आता सगळं पुसून नव्याने सुरू करायचं तर कुठून, हे तुम्हाला हवंय.

बाबांनी जे विचारलं, तिथूनच. त्यांनी रिपोर्ट नाकारला नाही, त्याचा ताळा मागितला. मी फोंड्यात राहून गेली अठरा वर्षं घाऊक व्यापारी, काजूचे कारखाने आणि हॉटेलं यांच्यासाठी हेच काम करते. पॉवर बीआय २०१५ च्या जुलैत बाजारात आलं, त्याआधी आम्ही एक्सेलच्या पिव्होटवर भागवायचो. साधनं बदलली, पण दुकानाचा मालक पहिल्या दिवशी जे विचारतो ते बदललेलं नाही. ज्या रिपोर्टचा एकूण आकडा हिशेबाच्या वहीशी रुपयाला रुपया जुळत नाही, तो कितीही देखणा असला तरी दुसऱ्या सोमवारी कुणी उघडत नाही. म्हणून मी क्रम उलटा सांगणार आहे. आलेख सगळ्यात शेवटी.

आणि त्याही आधी एक काम संगणक बंद ठेवून करायचं. बाबांसमोर बसा आणि विचारा : सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर तुम्ही नक्की कुठला निर्णय घेता? "सगळी विक्री दिसली पाहिजे" हे उत्तर घेऊन उठू नका. कुठला माल किती मागवायचा, कुणाला उधार द्यायचं थांबवायचं, कुठल्या लाइनवरच्या, म्हणजे माल पोचवायच्या मार्गावरच्या, सेल्समनला बोलवून विचारायचं, असल्या उत्तरांपर्यंत या. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, पहिल्या रिपोर्टचा प्रश्न असा असावा : कुठल्या लाइनवर कुठल्या गटाचा माल गेल्या वर्षीपेक्षा कमी जातोय? त्याला लागणारी माहिती विक्रीच्या नोंदींतच आहे, आणि उत्तर मिळालं की त्याच दिवशी फोन उचलता येतो. उधारीचा रिपोर्ट मोहाचा आहे, पण पहिला म्हणून घेऊ नका. त्याबद्दल शेवटी लिहिते.

बसवण्याचा भाग सोपा आहे, तो उरकून टाकू. पॉवर बीआय डेस्कटॉप फक्त विंडोजवर चालतं आणि फुकट आहे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या, म्हणजे दर महिन्याची नवी आवृत्ती आपोआप येते. वेबसाइटवरून उतरवलेलं तुम्हाला दर वेळी हाताने बदलावं लागेल. आठ जीबी रॅम असलेलं मशीन असेल तर निवांत काम होतं. उघडताना ईमेल मागेल, ती खिडकी सरळ बंद करा. आपल्याच मशीनवर रिपोर्ट बनवायला खातं लागत नाही. नवी फाइल केल्या केल्या ऑप्शन्समध्ये जाऊन दोन गोष्टी बदला. 'करंट फाइल'खाली रीजनल सेटिंग्जमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा. आणि तिथेच डेटा लोडमध्ये 'ऑटो डेट/टाइम' ची खूण काढा, कारण ती ठेवली तर प्रत्येक तारखेच्या रकान्यामागे एक लपलेलं कॅलेंडर तयार होतं, तेही जानेवारी ते डिसेंबरचं. आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं.

आता टॅलीतून माल बाहेर काढायचा. पॉवर बीआय टॅलीला थेट जोडता येतं, पण त्यासाठी टॅली उघडी असावी लागते, पोर्टची जुळणी करावी लागते, आणि काही बिघडलं की दोष कुठे आहे ते नवख्याला कळत नाही. पहिल्या रिपोर्टला एक्सेल फाइल बरी. सेल्स रजिस्टर कॉलमनार, म्हणजे प्रत्येक माहिती वेगळ्या रकान्यात येईल असं, करून घ्या, त्यात तारीख, बिल नंबर, पार्टी, वस्तू, नग, एकक, दर आणि कराआधीची रक्कम एवढे रकाने असू द्या. महिन्याला एक फाइल. तशीच परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटची वेगळी. दोन पूर्ण आर्थिक वर्षं घ्या, नाहीतर गेल्या वर्षीशी तुलना कशाशी करणार? सगळ्या विक्रीच्या फाइली डी ड्राइव्हवर 'विक्री' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये टाका, नावं २०२५-०४, २०२५-०५ अशी. डाउनलोड्समध्ये ठेवू नका. तिथली फाइल कधीतरी कुणीतरी साफसफाईत उडवतं, आणि मग रिपोर्ट ताजा होत नाही.

पॉवर बीआयमध्ये 'गेट डेटा' मधून एक्सेल न निवडता 'फोल्डर' निवडा आणि 'कम्बाइन अँड ट्रान्सफॉर्म' म्हणा. एका फाइलवर जी साफसफाई कराल ती सगळ्या फाइलींना लागू होते, आणि पुढच्या महिन्याची फाइल फोल्डरमध्ये टाकून 'रिफ्रेश' दाबलं की काम झालं. अट एकच, प्रत्येक फाइलीत शीटचं नाव आणि रकान्यांची नावं तंतोतंत तीच असली पाहिजेत. एखाद्या महिन्यात कुणी 'पार्टी'च्या जागी 'पार्टीचं नाव' केलं, की तिथे अडलंच समजा.

जी खिडकी उघडेल तिला पॉवर क्वेरी म्हणतात. उजव्या बाजूला तुमची प्रत्येक कृती पायरी म्हणून लिहिली जाते. धान्य निवडायला सूप घेऊन बसावं तसं इथे बसायचं. घाई करू नका, तुमच्या पहिल्या आठवड्यातला निम्मा वेळ इथेच जाणार आहे आणि तो योग्य जागी जातोय. टॅलीच्या फाइलीत वर दुकानाचं नाव, पत्ता, कालावधी अशा ओळी असतात, त्या काढा. मग मथळ्याची ओळ वर घ्या. एका बिलात पाच वस्तू असतील तर तारीख आणि पार्टी पहिल्या ओळीतच असते, खालच्या चार रिकाम्या. तिथे 'फिल डाऊन' वापरा. ते करण्याआधी सगळ्यात खाली जाऊन 'ग्रँड टोटल' ची ओळ गाळून टाका. ती राहिली, तर तुमची एकूण विक्री बरोब्बर दुप्पट दिसते. या एका ओळीमुळे फसलेले रिपोर्ट मी इतके पाहिलेत, की नवीन फाइल हातात आली की मी पहिल्यांदा तळाशी जाते.

तारखांचं दुखणं जास्त लबाड. एक्सेलमध्ये तारीख खरोखर तारीख म्हणून साठवलेली असेल तर काही होत नाही. पण ती मजकूर म्हणून आली असेल आणि मशीनची पद्धत अमेरिकन असेल, तर ०३/०४/२०२५ ही ३ एप्रिल न राहता ४ मार्च होते, तीही गुपचूप. १३ तारखेपासून पुढच्या मात्र 'एरर' दाखवतात, कारण तेरावा महिना नसतो. नवखा माणूस काय करतो? 'रिमूव्ह एरर्स' दाबतो. लाल खुणा जातात आणि महिन्यातल्या पहिल्या बारा दिवसांचीच विक्री शिल्लक राहते, तीही चुकीच्या महिन्यांत विखुरलेली. म्हणून रीजनल सेटिंग आधी करायला सांगितलं. तरीही खात्रीसाठी तारखेच्या रकान्यावर उजवं बटण दाबून 'चेंज टाइप', त्यात 'यूझिंग लोकेल', आणि तिथे पुन्हा इंग्लिश (इंडिया). एरर दिसली तर ती काढू नका, ती कशामुळे आली ते शोधा.

मग येतात गावांची नावं, आणि इथे आपल्या गोव्याचं स्वतःचं एक प्रकरण आहे. बिलांवर नावं रोमन अक्षरांत असतात आणि बऱ्याच गावांची किमान दोन रूपं रूढ आहेत : एक आपण बोलतो ते, एक पोर्तुगीज काळापासून पाट्यांवर असलेलं. कुणी म्हापसा लिहितं, कुणी मापुसा. डिचोली आणि बिचोलिम. पेडणे आणि पेर्नेम. साखळी आणि सांकेलिम. पणजी, पंजिम. माणसाला हे एकच गाव आहे हे सांगावं लागत नाही, सॉफ्टवेअरला ती दोन वेगळी गावं वाटतात. परिणाम असा, की डिचोलीची विक्री पडलेली दिसते, बाबा सेल्समनला बोलावतात, आणि प्रत्यक्षात निम्मी डिचोली 'बिचोलिम' नावाखाली नीट चाललेली असते.

यावर 'रिप्लेस व्हॅल्यूज' च्या पन्नास पायऱ्या लिहीत बसू नका. एक छोटी एक्सेल शीट करा. पहिला रकाना 'बिलात लिहिलंय तसं', दुसरा 'खरं गाव', तिसरा तालुका, चौथा तुमची लाइन. मग पॉवर क्वेरीत 'मर्ज' करून ती गिऱ्हाइकांच्या यादीला जोडा. नवं स्पेलिंग आलं की शीटमध्ये एक ओळ वाढवायची, बाकी काही हलवायचं नाही. ही शीट तुमच्या जुन्या सेल्समनकडून भरून घ्या. कुठलं दुकान कुठल्या लाइनवर येतं हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि आपल्या माहितीवर रिपोर्ट उभा आहे हे त्यांना कळलं की तेच पुढे चुका दाखवतात.

शिरोड्याकडे मात्र विशेष लक्ष द्या. एक शिरोडा आपल्या फोंडा तालुक्यात, दुसरं वेंगुर्ला तालुक्यात. तुम्ही हद्दीपलीकडे माल देता, तेव्हा वेंगुर्ल्याच्या शिरोड्याचं गिऱ्हाईक फोंडा तालुक्यात जाऊन बसण्याचा धोका आहे. गावाच्या नावावरून फरक कळणार नाही, जीएसटी नंबरावरून कळेल. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे : ३० असेल तर गोवा, २७ असेल तर महाराष्ट्र. गिऱ्हाइकांच्या यादीत हे दोन अंक वेगळ्या रकान्यात काढून ठेवा. ज्यांच्याकडे नंबरच नाही अशा छोट्या दुकानांसाठी टॅलीच्या खात्यातलं राज्य वापरा. परराज्यातल्या बिलांवर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी, लागतो, त्यामुळे पुढे ताळा घेतानाही हा रकाना उपयोगी पडेल.

एक तांत्रिक खोच इथेच सांगून ठेवते, कारण ती शोधायला मला एकदा पूर्ण दुपार लागली होती. पॉवर क्वेरी मोठी आणि छोटी अक्षरं वेगळी धरते, पण पुढे ज्या मॉडेलमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या टेबलांच्या संचात, डेटा जातो ते दोन्ही एकच मानतं. त्यामुळे पॉवर क्वेरीत 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' करूनही नंतर "या रकान्यात नावं दुहेरी आहेत" अशी तक्रार येते आणि डोकं चालेनासं होतं. आधी 'ट्रिम' करून कडेच्या मोकळ्या जागा काढा, मग सगळं मोठ्या अक्षरांत करा, आणि मगच दुहेरी नावं गाळा.

आता ताळा. एकही आलेख न काढता एक साधी टेबल घ्या, त्यात महिना आणि कराआधीच्या रकमेची बेरीज. शेजारी टॅलीतली विक्रीची महिनावार रक्कम कागदावर लिहा. आणि तिसऱ्या रकान्यात त्या महिन्याच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातली करपात्र आणि करमुक्त विक्रीची बेरीज, जी तुमचे अकाउंटंट दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरतात. तिन्ही जुळले पाहिजेत. पहिल्या फेरीत जुळत नाहीत, ते स्वाभाविक आहे. फरकाचा आकार बघितला की कारण बहुतेक वेळा समोर येतं. बरोब्बर दुप्पट असेल तर ग्रँड टोटल. सगळी मिळून बेरीज बरोबर पण महिने वाकडे, तर तारखा उलट्या झाल्यात. साधारण चाळीस टक्केच विक्री दिसत असेल, तर १३ तारखेपुढच्या ओळी गळाल्यात. तुमचा आकडा थोडा मोठा असेल तर टॅलीतल्या क्रेडिट नोटची बेरीज बघा, परत आलेला माल वजा व्हायचा राहिलेला असतो. त्या ओळी रक्कम आणि नग दोन्ही उणे करून विक्रीच्या खाली जोडायच्या, 'अपेंड' करून. काही रुपयांचाच फरक असेल तर राउंड ऑफ. आणि फरक पाच किंवा अठरा टक्क्यांच्या आसपास घुटमळत असेल, तर तुम्ही करासकट रक्कम उचलली आहे.

करासकट रक्कम का नको, हे किराणा व्यापारात तर फारच नीट समजून घ्या. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या कट्ट्यावर नाही. त्यामुळे २५ किलोचा आणि २६ किलोचा उकड्या तांदळाचा कट्टा बिलाच्या बेरजेत वेगळे वागतात, आपली कमाई तीच असली तरी. आणि २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा अंगाचा साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, तूप १२ वरून ५ वर. ज्यांच्या रिपोर्टमध्ये बिलाची एकूण रक्कम होती, त्यांना ऑक्टोबरपासून विक्री घसरल्यासारखी दिसली. प्रत्यक्षात कमी झाला तो कर. तुमची तुलना नेमकी याच दोन वर्षांत पडणार आहे, म्हणून आग्रहाने सांगते : कराआधीची रक्कम, आणि फक्त तीच.

तीन आकडे एका महिन्याचे जुळले की बाबांना बोलवा आणि ती रुक्ष टेबल दाखवा. रंग नाहीत, आलेख नाहीत, काही हरकत नाही. वहीतला आकडा पडद्यावर दिसला की पुढचं सगळं ऐकायला ते तयार होतात. माझा अनुभव आहे की हा क्षण वगळून पुढे गेलेलं काम टिकत नाही.

यानंतर मॉडेल. चार टेबलं ठेवा : मध्ये विक्री, तिच्याभोवती वस्तू, गिऱ्हाईक आणि तारीख. वस्तूंच्या टेबलात गट आणि कंपनी, गिऱ्हाइकांच्या टेबलात गाव, तालुका, लाइन. प्रत्येक नातं 'एकाला अनेक' असंच हवं, म्हणजे एक गिऱ्हाईक, त्याची अनेक बिलं. सॉफ्टवेअरने 'मेनी टू मेनी' सुचवलं तर मान्य करू नका, तुमच्या यादीत एकच नाव दोनदा आहे एवढाच त्याचा अर्थ. आणि टेबलमध्ये एखादी ओळ 'ब्लँक' नावाने आली, तर विक्रीत असलेलं कुणीतरी यादीत नाही. ती ओळ फिल्टर लावून लपवू नका, तिच्यातच हरवलेले पैसे असतात.

तारखेचं टेबल स्वतः करा, १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत सलग, एकही दिवस न गाळता. त्यात आर्थिक वर्ष आणि महिन्याचा क्रमांक घाला, एप्रिलला १, मार्चला १२. मग महिन्याच्या नावाला 'सॉर्ट बाय कॉलम' ने तो क्रमांक द्या, नाहीतर महिने इंग्रजी वर्णानुक्रमाने लागतात आणि एप्रिलच्या शेजारी ऑगस्ट येतो.

वस्तूंच्या बाबतीत एककं तपासा. कुणी कट्टे लिहितं, कुणी किलो, कुणी बॉक्स. सगळ्यांना एका एककात आणणारा गुणक वस्तूंच्या टेबलात ठेवा. आणि स्कीमचा फुकट माल, दहावर एक, शून्य रकमेच्या ओळी म्हणून येतो. रकमेला त्याने काही होत नाही, पण सरासरी दर खाली ओढला जातो. त्याला वेगळी खूण करा.

आकडे काढायला रकाना वापरायचा की मेजर, म्हणजे टेबलाबाहेर लिहिलेलं आणि दाखवताना मोजलं जाणारं सूत्र, यात सगळेच गोंधळतात, तेव्हा एक हिशेब मांडते. साखर १,००,००० रुपयांची विकली, नफा २,०००, म्हणजे २ टक्के. मसाले १०,००० चे विकले, नफा २,०००, म्हणजे २० टक्के. रकान्यात टक्के काढून सरासरी घेतली तर ११ टक्के नफा दिसतो. खरा नफा १,१०,००० वर ४,०००, म्हणजे ३.६ टक्के. मेजर आधी दोन्ही बेरजा करतं आणि मग भागतं, म्हणून टक्केवारी नेहमी मेजरमध्ये आणि भागाकार 'डिव्हाइड' फंक्शनने, म्हणजे खाली शून्य आलं तरी अडत नाही. पहिल्या रिपोर्टला चारच मेजर पुरतात : विक्री, गेल्या वर्षीची विक्री, फरक, फरकाचे टक्के. गेल्या वर्षीच्यासाठी 'सेमपीरियडलास्टइयर' हे फंक्शन आहे. मेजरची नावं देवनागरीत ठेवता येतात, खुशाल ठेवा. चालू महिना मात्र तुलनेतून वगळा, नाहीतर तुमच्या बारा दिवसांसमोर गेल्या वर्षीचा अख्खा महिना उभा राहतो.

पॉवर बीआय मोठे आकडे हजार आणि मिलियनमध्ये दाखवतं. बाबांना मिलियनची सवय नाही आणि ती लावायचं कारणही नाही. डिस्प्ले युनिट 'नन' करा, मेजरला १,००,००० ने भागा आणि मथळ्यात 'लाख रुपये' लिहा.

एवढं झालं की रिपोर्ट तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतो, आणि तरीही गोव्यात तो दिशाभूल करू शकतो. कारण चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. घाऊक दुकानातून गूळ, चण्याची डाळ, मैदा, रवा, तूप, तेल हे सगळं आधीच्या तीनेक आठवड्यांत उचललं जातं. २०२४ मध्ये त्या २१ दिवसांपैकी १५ ऑगस्टात आणि ६ सप्टेंबरात होते, २०२५ मध्ये सगळेच्या सगळे ऑगस्टात. त्यामुळे महिन्याला महिना लावला, तर ऑगस्ट २०२५ भरभराटीचा आणि सप्टेंबर कोसळलेला दिसतो. एका व्यापाऱ्याकडे माझ्यादेखत हे घडलं. ऑगस्टचा आकडा बघून त्यांनी मैदा आणि तुपाची जादा ऑर्डर दिली, मी त्यांना थांबवायला हवं होतं आणि थांबवलं नाही, कारण आकडा वहीशी जुळत होता. सप्टेंबरात माल पडून राहिला, आणि मग २२ तारखेला तुपाचा करच बदलला. त्यानंतर मी एकही मासिक तुलना चवथीचा विचार केल्याशिवाय कुणाच्या हातात दिलेली नाही.

उपाय अवघड नाही. एक लहान टेबल करा, वर्ष आणि चतुर्थीची तारीख एवढ्याच रकान्यांचं : २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर. तारखेच्या टेबलात 'चवथीला किती आठवडे' असा रकाना काढा. सणाच्या मालासाठी जुलै ते सप्टेंबर या काळाची तुलना महिन्यांऐवजी या आठवड्यांवर करा, चवथीआधीचा तिसरा आठवडा यंदाचा आणि गेल्या वर्षीचा. दिवाळीच्या पोह्यांनाही हेच लागू आहे. नाताळ दर वर्षी २५ डिसेंबरलाच, त्यामुळे दोदोल-बेबिंकाच्या सामानाला, माडाच्या गुळाला महिन्याची तुलना चालते.

आता पान. एकच पान करा. वर तीन आकडे : वर्षाची आजवरची विक्री, गेल्या वर्षी एवढ्याच काळातली, आणि फरक. मधोमध महिनावार स्तंभ, यंदा आणि गेल्या वर्षी शेजारी शेजारी. खाली मुख्य गोष्ट, मॅट्रिक्स : ओळींत लाइन, रकान्यांत मालाचे गट, आत फरकाचे टक्के, आणि घसरण असेल तिथे फिकट लाल. बाबांची नजर त्या लाल चौकटीवर गेली पाहिजे, बाकी सगळं तिला वाट करून देण्यासाठी. पाय चार्ट नको, नकाशा नको, गोल मीटर नको. कोपऱ्यात 'डेटा अमुक तारखेपर्यंतचा' हे आठवणीने लिहा, शेवटच्या बिलाच्या तारखेवरून आपोआप येईल असं.

वाटपासाठी पहिले दोन महिने पीडीएफ काढून बाबांच्या व्हॉट्सॅपवर पाठवा. ऑनलाइन टाकायचं झालं तर कामाचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही, आणि दुसऱ्याला दाखवायचं तर बनवणारा आणि बघणारा दोघांनाही प्रो परवाना लागतो. एप्रिल २०२५ पासून त्याचा जाहीर दर महिन्याला माणशी १४ डॉलर आहे. पैसे वाचवायला कुणी 'पब्लिश टू वेब' सुचवेल. ते कधीही वापरू नका. त्या दुव्याला पासवर्ड नसतो, तुमच्या गिऱ्हाइकांची नावं आणि दर कुणालाही दिसतील. पुढे आपोआप ताजं होणं हवं असेल तर दुकानातल्या मशीनवर गेटवे, म्हणजे तिथल्या फाइली ऑनलाइन रिपोर्टला पोचवणारं सॉफ्टवेअर, बसवावा लागतो आणि ते मशीन त्या वेळी चालू असावं लागतं. जूनमध्ये पहिल्या पावसात वीज गेली आणि सलग चार वेळा रिफ्रेश फसलं, की वेळापत्रक बंद पडतं आणि ते हाताने पुन्हा चालू करावं लागतं. त्यापेक्षा फाइली वनड्राइव्ह फॉर बिझनेसवर ठेवल्या तर गेटवे लागतच नाही.

उधारीचं राहिलं. तुम्हाला कुणाचे किती दिवसांचे पैसे अडकलेत ते हवंय. त्यासाठी प्रत्येक पावती कुठल्या बिलापोटी आली हे टॅलीत नोंदलेलं असावं लागतं. पावत्या 'अगेन्स्ट रेफरन्स' ने, म्हणजे ठरावीक बिलापोटी, टाकल्या असतील तर रिपोर्ट होईल. घाईत सगळ्या 'ऑन अकाउंट', म्हणजे बिल न नेमता नुसत्या खात्यावर, टाकलेल्या असतील तर बाकीचा एकूण आकडा बरोबर येईल, पण तीस दिवस, साठ दिवस ही विभागणी खोटी ठरेल, आणि त्यावरून जुन्या गिऱ्हाइकाचा माल थांबवला तर नातं तुटेल. तुमच्याकडे पावत्या टाकणाऱ्यांना आधी विचारा, एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाचं खातं उघडून शेवटच्या वीस पावत्या बघा, आणि काय दिसलं ते मला कळवा.